मीटरवाल्याचा प्रचार

बत्तीस वर्षं तो घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायचा. कोणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणाची बेल बिघडलेली, सगळं तोंडपाठ. मग आकडे आपोआप ऑफिसात पोचू लागले आणि त्याला घरी बसवलं. यंदा तो नगरसेवकपदाला उभा राहिला.

चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं.

"मीटरवाले ना तुम्ही? बसा. हे खूळ कुठून डोक्यात शिरलं?"

"पाणी, रस्ते..." तो पत्रक चाचपत म्हणाला.

"सगळे हेच सांगतात. एकदा निवडून आलात की इकडे फिरकणारसुद्धा नाही."

आजींनी दिलेला पाण्याचा पेला त्यानं खाली ठेवला.

"आणि पडलो, तर आलेलं चालेल?"