नोंदणाऱ्याची चूक

ताई चिखलाच्या पायांनीच भावाच्या ऑफिसात शिरली. काल दुपारी तीन तासांत तिच्या तळमजल्याच्या घरात कंबरेइतकं पाणी चढलं होतं. घर घेतलं ते इंजिनिअर भावाच्या शब्दावर. समोरचा नाला मीच बांधतोय, तू निर्धास्त राहा, असं म्हणाला होता.

भाऊ आत साहेबांकडे गेला होता. टेबलावर नाल्याची फाइल उघडीच पडली होती. ताई वाचू लागली.

पाणीखात्याच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक सव्वीस वर्षं तिच्याच हाताखाली. अंगात ताप असो की घरात लग्न, सकाळी साडेआठला आकडा वहीत. पाऊस हल्ली बिघडलाय, हे तिनेच भावाला सांगितलं होतं. हवा तापली की जास्त वाफ पोटात धरते आणि ओकते ती एकदम. महिन्याभराचा पाऊस आता एका दुपारी कोसळतो. भावाने मान डोलावून वही मागून नेली होती.

फाइलीत तिचे सगळे आकडे होते. त्यातले सर्वांत मोठे सात मात्र खोडलेले. बाजूला शेरा: ‘नोंदणाऱ्याची चूक. वगळावे.’ खाली भावाची सही. त्याला अक्षरं तिनेच हात धरून गिरवायला शिकवली होती.

भाऊ आला, फाइलीकडे बघून खुर्चीत बसला. मग सांगू लागला. ते सात धरले असते तर नाला दुप्पट रुंद करावा लागला असता, एक अख्खी गल्ली पाडावी लागली असती, वरून मंजुरी कधीच आली नसती. नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

“म्हणजे तुला खरंच वाटलं, मी चुकले?”

भावाने फाइल मिटली. “तू कधी चुकलीयस का, ताई?”

त्याला खरंच चूक वाटली असती, तर तिने हसून सोडून दिलं असतं. पठ्ठ्याने सगळं ठाऊक असून केसाने गळा कापला होता.

फोन वाजला. मुख्य कार्यालयाला कालच्या पावसाचा आकडा तातडीने हवा होता. भावाने पेन उचललं आणि सवयीने ताईकडे पाहिलं.

“तूच लिही,” ताई उठत म्हणाली. “तुझ्या नाल्यात मावेल एवढाच लिही.”