न वाजलेली घंटा

चर्चची घंटा वाजवणारे म्हातारबाबा कालच्या बैठकीत तावातावाने म्हणाले होते, "बाहेरून आलेल्यांना सरकार पोसतंय, मग आपण कशाला? बोट दिलं की मनगट धरतात!" आज पहाटे धुक्यातून चाचपडत ते आले, तर शेवटच्या बाकावर परदेशी बाई पेंगत होती, मांडीवर तान्हं लेकरू. खेकसायला त्यांनी तोंड उघडलं, तोच तिने मोडक्यातोडक्या भाषेत विनवलं, "बाबा, आठ दिवस झोपला नाही. आत्ता झोपला." त्यांनी घंटेचा दोर हातात घेतला. चाळीस वर्षांत पहाटेची घंटा एकदाही चुकली नव्हती. रंगीत काचांतून निळसर उजेड झिरपून लेकराच्या गालावर तरंगत होता. बाबांनी दोर अलगद सोडला. धापा टाकत पाद्री आले. "घंटा का नाही वाजली?" "पोर झोपलंय," बाबा कुजबुजले. "प्रार्थना हळू म्हणा. आणि बूट काढा." पाद्री वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.