विरळणीची कात्री

घडातले जादा मणी काढताना पुण्याच्या त्या पोरीने दांडाच कापला. अख्खा घड मातीत पडला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता आबा भडकणार!

नाताळच्या सुट्टीत ती आमच्या द्राक्षबागेत हौसेने फुकट राबायला आली होती. आबा चक्क हसले. "होतं असं, बाळा. आण हात इकडे," म्हणत त्यांनी तिच्या बोटांत कात्री नीट बसवून दिली.

बाळा! गेल्या वर्षी माझ्या हातून असाच एक घड गेला, तर माझ्या या बापाने सगळ्या बायांसमोर कात्री हिसकावली होती. "तुला काय करायचंय बाग शिकून? भाकऱ्या थाप जा." तेव्हापासून मी बागेत येते ती फक्त चहा घेऊन.

मी किटली खाली आपटली. "मलाही शिकवा."

"चिडतेस काय गं? ती चार दिवसांची पाहुणी."

"आणि मी? फाल्गुनात लग्न लावून देताय ना? मग मीही पाहुणीच की."

त्या पोरीने हळूच कात्री माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. मला ती आबांच्या हातून हवी होती.