थांबणारा ठेका

सुनेने तिसऱ्यांदा विचारले तरी सासूबाईंनी मागे वळून पाहिले नाही. तेव्हा ती धुसफुसत पुढे आली आणि हातातला म्युझिक प्लेयर तिने त्यांच्या नाकासमोर धरला.

“घ्यायचा की नाही, एवढंच सांगा. दुकानदारानं आजच्यापुरता वापरून बघायला दिलाय.”

“माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन,” सासूबाई म्हणाल्या. “पाठीमागून कुरकुरणाऱ्याला मी उत्तर देत नाही. कितीदा सांगायचं?”

त्यांच्या नृत्यशाळेत हा नियम सर्वांना पाठ होता. असे नियम बरेच होते. लाकडी जमिनीवर चटई अंथरायची नाही. कडाक्याच्या थंडीतही अनवाणीच उभे राहायचे. फोन वाजला तर तो सुनेने घ्यायचा. ते मालकिणीचे काम नव्हे. आणि ढोल वाजवणाऱ्या काकांनी मालकिणीच्या अगदी समोर बसायचे.

आजचे भांडण त्या काकांवरूनच होते.

“काकांचे हात थरथरतात,” सून म्हणाली. “कालही ठेका चुकला. दोन मुलींच्या आयांनी त्यांची नावं काढून घेतली. हा प्लेयर खिशात मावतो, थकत नाही, रुसत नाही.”

“म्हणजे तुझ्याहून बरा.”

ढोलाच्या दोऱ्या आवळता आवळता काकांनी हसू दाबले.

“हसा तुम्ही,” सून त्यांच्यावर कडाडली. “शाळेला कुलूप लागलं की दोघं मिळून हसा.”

“त्यांच्या अंगावर जायचं काम नाही.” सासूबाईंचा चेहरा संतापाने लाल झाला होता. “हे यंत्र आत आलं की काका बाहेर. मग माझी पाळी. तेच आहे ना तुझ्या मनात?”

“वर्ग चालावा, एवढंच आहे माझ्या मनात. ऐकायच्या आधीच नाही म्हणताय तुम्ही. एकदा ऐका, मग खुशाल नको म्हणा. मी जन्मात पुन्हा हा विषय काढणार नाही.”

सासूबाईंनी क्षणभर काकांकडे पाहिले. मग इयरफोन हिसकावून घेतले आणि कानांत खुपसले. त्यांच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता सुनेने बटण दाबले.

काका मान खाली घालून मांडीवर बोटे नाचवू लागले. ती त्यांची जुनी खोडच होती. सासूबाई त्यांच्याकडे रोखून पाहत उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांचा उजवा पाय ठेक्यात पडू लागला. चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

आता ह्या हो म्हणणार, असे सुनेला वाटले.

सासूबाईंनी इयरफोन काढून तिच्या तळहातावर टाकले.

“वाजतं छान. पण मागच्या रांगेतली पोर अडखळली, तर हे तिच्यासाठी थांबणार आहे का? काका थांबतात. ते पायांकडे बघून वाजवतात. तुझी ही डबी कुणाच्या पायांकडे बघणार? जा, परत करून ये.”

त्या बोलण्यात तथ्य होते, आणि त्याचाच सुनेला अधिक राग आला.

“तुमच्यासारखं हेकट माणूस मी दुसरं पाहिलं नाही,” ती म्हणाली. पण तोवर सासूबाईंनी पाठ फिरवली होती, आणि नियमाप्रमाणे उत्तर आले नाही.

बाहेर ताटकळलेल्या मुली आत येऊन रांगेत उभ्या राहिल्या. काकांनी ढोलावर थाप मारली. लाकडी जमीन हादरली, तसा सासूबाईंचा हात वर गेला आणि वर्ग सुरू झाला.

दाराशी चपला पायात सरकवताना सुनेला राहवले नाही. सासूबाईंचा पाय ज्यावर थिरकला ते गाणे तरी कोणते, म्हणून तिने इयरफोन स्वतःच्या कानांत घातले. काहीच वाजेना. तिने प्लेयरचा पडदा उजेडात धरून नीट पाहिला.

दुकानदाराने त्यात अजून एकही गाणे भरलेले नव्हते.