न हललेलं पान

"हलू नकोस म्हटलं ना!"

परेशचा आवाज ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आपटून परत आला. ओढ्याच्या मधोमध दगडावर उभ्या असलेल्या इराने मान झटकली आणि तोंड फिरवलं. बाबा ओरडला की ती हेच करायची. तिची पोनीटेल मागच्या फांदीला घासून गेली.

"आय नेव्हर मूव्ह, लाह!" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "अजून किती वेळ?"

"अर्धं मिनिट. अर्धं मिनिट गप्प उभं राहता येत नाही?"

सिंगापूरच्या बुकित तिमाह जंगलातला तो धबधबा धबधबा म्हणण्याच्या लायकीचाही नव्हता. परेश चिपळूणचा. त्याच्या गावी एवढं पाणी पन्हळीतून पडतं. पण कॅमेऱ्याला काळी काच लावून शटर अर्धं मिनिट उघडं ठेवलं, की असलं पाणीसुद्धा दुधासारखं दिसतं. त्या अर्ध्या मिनिटात जे हलतं ते फोटोत पुसलं जातं आणि जे स्थिर असतं तेवढंच ठसठशीत उमटतं. म्हणून इराने हलायचं नव्हतं. परेश जहाजावर चीफ इंजिनियर होता, पुढच्या आठवड्यात पुन्हा निघणार होता. केबिनमध्ये लावायला लेकीचा एक धड फोटो त्याला हवा होता.

खरं तर त्याच्या बायकोने, उत्कर्षानेच दोघांना घराबाहेर काढलं होतं. "जा, जरा बोला एकमेकांशी," ती म्हणाली होती. "आणि आवाज खाली ठेव रे. ही तुझी इंजिन रूम नाही."

परेशला ते कधी पटलं नाही. इंजिन रूममध्ये हळू बोलणाऱ्याचं कोणाला ऐकूच जात नाही, आणि तिथे ऐकलं नाही तर माणसाचा हात जातो. आपल्या ओरडण्याने माणसं वाचली आहेत, हे तो अभिमानाने सांगायचा. घरी त्याच ओरडण्याने एवढंच साधलं होतं, की बारा वर्षांची पोर त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आजही येताना एमआरटीच्या मेट्रोत ती शेजारी बसली ती कानात इयरफोन खुपसूनच. मग पायवाटेवर तो तिच्या नव्या बुटांवरून ओरडला. "पाण्यात घातलेस तर बघ!" झालं, तिथून पुढे सगळा मौनव्रताचा कारभार.

शटर मिटलं. त्याने स्क्रीनवर वाकून पाहिलं.

पाणी सुरेख आलं होतं. वाऱ्याने डुलणारी पानं हिरव्या धुरासारखी पसरली होती. आणि इरा हललीच होती. चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

तिच्या मागच्या फांदीवरचं एक पान अजिबात हललेलं नव्हतं.

आजूबाजूची सगळी पानं पुसट आणि तेवढं एकच कसं स्पष्ट? त्याने फोटो मोठा केला. पानाला खवले होते. पिवळट पट्टे होते. आणि टोकाला त्रिकोणी डोकं.

चापडा. कोकणात लहानपणी पाहिलेल्या त्या विषारी हिरव्या सापाचाच हा इथला चुलतभाऊ. इराच्या कानापासून वीतभर अंतरावर. मघाशी तिची पोनीटेल घासली ती याच फांदीला.

ओरडलो तर ती मान झटकणार. साप म्हटलं तर मागे वळून बघणार. धावत जावं तर दगड शेवाळलेले, आणि आपण धडपडलो की ती दचकणार. दगडांवरून काठावर परतायची तिची वाट नेमकी मागच्या त्या फांदीखालून जात होती. वारा आता वाढला होता, फांदी तिच्या गालाकडे झुकत होती. आयुष्यभर ज्या आवाजावर त्याची भिस्त होती, तो आज पोरीच्या जिवावर उठला असता.

"इरा," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "बाळा, एक करशील? माझ्याकडे बघ. आता हळूच खाली बस. मान न वळवता."

इराच्या कपाळावर आठी उमटली. ती आता वाद घालणार, त्याने मनात देवाचा धावा केला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती गुडघ्यांत वाकली, अगदी सावकाश. वाऱ्याने फांदी खाली झुकली आणि तिच्या केसांवरून डोलून पुन्हा वर गेली.

"शाब्बास. आता समोरून, पाण्यातून ये."

"बूट?" तिने जेमतेम ओठ हलवले.

"भिजू देत गं राणी. ये तू."

तिने पाय पाण्यात सोडले. एक पाऊल, मग दुसरं. शेवाळावर ती एकदा घसरली, सावरली. ती हाताशी आली तशी परेशने तिला ओढून छातीशी धरलं. ट्रायपॉडला धक्का लागला आणि कॅमेरा धाडकन दगडावर पडला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने त्याने तिला ती फांदी दाखवली. इराने साप पाहिला. ओठ चावला, पण किंचाळली नाही.

"तुला दिसला होता?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग एका शब्दात कसं ऐकलंस माझं?"

इरा बुटातलं पाणी ओतत होती. तिने मान वर केली नाही.

"तू मला बाळा म्हणालास ना, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं, काहीतरी भयंकर झालंय."