निळा की काळा

काउंटरवर दोन मोबाइल होते, एक निळा आणि एक काळा. दगूबाई दोन्ही आळीपाळीनं कानाला लावून बघत होती. शहाद्याच्या बाजारात दुकान घालून पारसला बरीच वर्षं झाली होती. गिऱ्हाईक आलं की मोबाइल उलटा करून आधी कॅमेरे मोजतं. ही प्रकाशा गावची म्हातारी मात्र नुसती कान लावत होती.

"निळाना आवाज मोठा शे, मावशी," पारस म्हणाला. तिच्याशी ओरडूनच बोलावं लागे. "काळाना आवाज बारीक, पन कॅमेरा एकदम भारी. तुले काय जास्ती लागस ते देख."

"माले काय देखनं शे रे? मन्हा पोऱ्या काय बोलस ते माले आयकू उनं पाहिजे." तिनं निळा उचलून पदराखाली घेतला. सौदा संपला.

पोऱ्या म्हणजे भूपेश. अंकलेश्वरला कंपनीत कामाला. गावच्या शेतातली पपई तो तिथूनच सांभाळतो, आणि आईला आठवड्यातून कधीतरी फोन करतो. ती चारदा "काय म्हन्ना?" विचारते, तो वैतागतो आणि "ऱ्हाऊ दे, माय" म्हणून ठेवून देतो. मेलं, तेवढं "ऱ्हाऊ दे" मात्र तिला बरोब्बर ऐकू येतं. हे तिनंच मघाशी पारसला हसत हसत सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर पाणी मागून प्यायली होती.

पैसे भूपेशच पाठवणार, म्हणून पारसनं त्याला फोन लावून विचारलं.

"निळा कसाले? काळाच द्या तिले," भूपेश म्हणाला. "कॅमेरा चोख पाहिजे. आते मी रोज सकाळे व्हिडिओ कॉल करसू."

पारसनं ते तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं.

"रोज?"

"रोज सकाळे, मावशी."

"मन्हं तोंड पाहासाठे मोबाइल लई दी ऱ्हायना का काय तो!" ती या वयात अशी काही लाजली की पारसला हसू आलं. निळा पदराखालून बाहेर निघाला. तिनंच तो बोटानं पलीकडं लोटला. "मंग काळाच दे भो. कान गया ते गया. पोऱ्यानं तोंड ते रोज दिखी."

पारस खूश झाला. काळ्यात त्यालाही जरा जास्त सुटत होतं, खोटं कशाला बोला. त्यानं सील फोडलं, तिच्या जुन्या मोबाइलमधलं सिम काढून नव्यात घातलं आणि त्यावरूनच भूपेशला व्हिडिओ कॉल लावला.

"मांगला कॅमेरा चालू करा, पारसभाऊ," भूपेश म्हणाला. "आनि उजेडमा चाला, एखादं झाड देखा."

दुकानासमोरच कडुनिंब होता. पारस बाहेर आला, त्याच्यामागं दगूबाई. भूपेशचं एक अक्षर तिला ऐकू आलं नव्हतं, पण लेकाला आपल्याला उजेडात बघायचंय, एवढं तिनं आपल्या आपण ठरवून टाकलं. लगबगीनं ती झाडाखाली जाऊन उभी राहिली. कपाळावरचा पदर नीट केला आणि मोबाइलच्या पाठीकडं बघून तोंडभर हसली.

"जेवना का रे, भूप्या?"

"माय, बाजूले व्हय. पान दिखी नही ऱ्हायनं."

ती हसतच राहिली.

"पारसभाऊ, तिले बाजूले करा ना जरा."

पारसनं तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. करताना त्याचं त्यालाच कसंसं झालं. ती मात्र मुकाट सरकली. फोटो काढणारे माणसाला असंच इकडं-तिकडं हलवतात, हे तिला ठाऊक होतं. पारसनं एक खालची फांदी ओढून धरली आणि मोबाइल पानाजवळ नेला.

"हां, आते दिखनं! शिरा बी चोख दिखतस. गये साल पानना फोटो धुरकट उनात, औषध भलतंच पडनं, पपईनी आख्खी लाइन जळी गई. आते मी आठूनच रोज पान देखसू. आनि पारसभाऊ, तिले मांगला कॅमेराच शिकाडा. पुढला दखाडा ते ती सोतानंच तोंड दखाडत बठी. मन्हा टाइम जास."

कॉल संपला. पारसच्या हातातली फांदी सुटून वर गेली.

"ठेवी दिना का त्यानी?" दगूबाईनं विचारलं. "बारीक झाया का रे तो?"

"नही, मावशी. बरा शे."

आत येऊन पारसनं निळा पुन्हा तिच्यापुढं सरकवला. सांगावं तर म्हातारीच्या जिवाला घोर, आणि न सांगावं तर आपल्या. "हाऊच लई जाय, मावशी," तो ओरडला. "बदली देस मी. सील फुटनं ते फुटनं."

"येडा झाया का तू?" तिनं त्याच्या हातातला काळा काढून घेतला आणि छातीशी धरला. पण प्रकाशाची गाडी सुटायची वेळ झाली होती. तिनं तो घाईघाईनं परत त्याच्यापुढं केला.

"बाकीनं मंग देखसूत. पहिले मन्हं तोंड कसं दखाडानं, तेवढं शिकाडी दे."