शांत आवाजाची कॅसेट

“पुन्हा ‘शांत व्हा’ म्हणालास,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

त्याने कानावरचा हेडफोन काढला. समोरच्या भिंतीवर घड्याळ टिकटिकत होते. पण नजर वर उचलण्याचे धैर्य त्याला झाले नाही. टेबलाच्या काचेखाली कागद होता. ‘शांत व्हा’, ‘घाबरू नका’, ‘धीर धरा’. प्रत्येकावर लाल काट. मदतवाहिनीवर फोन आला की हे तीन शब्दप्रयोग उच्चारायचे नाहीत, हा बाईंचा नियम होता.

दार ढकलून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने डोके आत घातले. परीक्षेसाठी शेजारच्या खोलीतून फोनवर रडण्याचे काम त्याच्याकडे असे आणि तो ते मन लावून करी.

“बाई, मी मेलो की जगलो?”

“मेलास. जा, चहा पी.”

तो हसत गेला. उमेदवार मात्र मान खाली घालून बसून राहिला. ही त्याची तिसरी परीक्षा होती. चौथी कुणालाच मिळत नसे.

घरून निघताना ताईने छेडलेच होते, “तू लोकांना धीर देणार? बसमध्ये तुला ‘उतरायचंय’ म्हणता येत नाही, दोन थांबे पुढे जाऊन चालत परत येतोस!” त्याला राग आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात कोसळले, तेव्हा याच मदतवाहिनीवरच्या कुणीतरी अकरा मिनिटे त्याला सावरून धरले होते. तो आवाज कुणाचा, हे त्याला कधीच कळले नाही. कधीतरी आपणही कुणाचा तरी तसा आवाज व्हावे, एवढेच त्याला हवे होते.

“कॅसेट ऐकलीस?” बाईंनी विचारले.

“पाठ आहे.”

ती कॅसेट प्रत्येक उमेदवाराला दिली जाई. तीस वर्षांपूर्वी, मदतवाहिनीला ही एक खोली आणि एकच फोन होता, तेव्हाची. सुरुवातीचा तुकडा कधीच तुटून गेला होता. उरली होती सव्वासहा मिनिटे, दोन बायकांचे आवाज आणि जुन्या टेपची अखंड सुरसुर. एक आवाज रडत असे, दुसरा त्याला सांभाळत असे.

“ताई, कुणी येतच नाहीये. मी एकटीच आहे इथे.”

“येतील. वाट लांबची आहे. तू आधी बस बरं. पाय जमिनीला टेकव. गार लागते ना फरशी?”

“हो.”

“समोर काय दिसतंय?”

“घड्याळ. गोल आहे. काचेला तडा गेलाय.”

“जाऊ दे, चालतंय ना? मग काटा बघत राहा. मी इथेच आहे. मी कुठेही जात नाही.”

त्या आवाजापुढे त्याचे मन दर वेळी नतमस्तक होई. त्याने एका वहीत शब्द जमवले होते. आई काम आटोपल्यावर म्हणते ते ‘निवांत’. बाबा रागावून म्हणतात ते ‘स्वस्थ बस’. आजोबा गेले तेव्हा शेजारी हलक्या आवाजात म्हणाले ते ‘शांत झाले’. किती जपून वापरतात माणसे हे शब्द, आणि किती थोड्यांना ते दुसऱ्याच्या हातावर ठेवता येतात! कॅसेटमधल्या त्या बाईने यातला एकही शब्द समोरच्या मुलीला सांगितला नव्हता. अगदी शेवटी, मुलीचे रडणे थांबल्यावर, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणते, “हं. आता कसं निवांत वाटतंय.” मग कुणीच बोलत नाही. दीड मिनिट नुसती सुरसुर.

कामाचे चीज झाल्यावर सुटलेला तो निःश्वास आहे, असे त्याने वहीत लिहिले होते.

“बाई, तुमच्यासारखं मला नाही जमणार,” तो एकदाचा म्हणाला. “माझा आवाज थरथरतो. आत्ताही थरथरला.”

“ऐकलं मी.”

“मग मी उद्यापासून नको ना येऊ?”

ऑफिसात बाईंना सगळे ‘बर्फ’ म्हणत. त्या ‘बर्फा’ने आपला चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

“तू फोन मध्येच ठेवला नाहीस. थरथरत होतास, पण ठेवला नाहीस. उद्या सकाळी सहाला ये. चौथ्या लाइनवर बस.”

त्याला ऐकलेले खरेच वाटेना. काहीतरी बोलायला हवे म्हणून तो म्हणाला, “त्या कॅसेटमधली ती रडणारी... वाचली का हो ती?”

“वाचली.”

“बरं झालं. आणि बाई, ती टेपची सुरसुर काढून टाकता येते आता. माझा एक मित्र करून देईल.”

“टेपची नाही ती.” बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “पाणी आहे. पूर आला होता. घरात चढत होतं.”

“म्हणजे एवढ्या पाण्यात ती मुलगी घड्याळाकडे बघत...”

फरशी गार होती, असे ती म्हणाली होती. पाण्याखालची फरशी?

बाईंनी बोट वर केले. या खोलीत प्रथमच त्याने मान उचलून समोरच्या भिंतीकडे पाहिले. गोल घड्याळ. काचेवर तीनपासून आठपर्यंत गेलेला तडा, आणि त्यात बसलेली तीस वर्षांची धूळ.

“रडणारी तुझ्या खुर्चीत होती,” बाई म्हणाल्या. “बावीस वर्षांची. नोकरीचा पहिला दिवस होता माझा. पाण्यात दुसरी होती.”